गांधीसागर : उतरते पाणी आणि चैत्रातील मासेमारी

माळव्यात रंगपंचमीचे रंग अंगावरून जातात न जातात तोच गव्हाच्या कापणीची घाई सुरू होते. चंबळ नदीवरील गांधीसागर जलाशयाच्या काठच्या गावांत मात्र या दिवसांत लोकांचे लक्ष शेताइतकेच पाण्याकडे लागलेले असते. दिवाळीच्या सुमारास ज्या खुंटाला होडी बांधलेली होती, तो खुंट आता कोरड्या जमिनीत उभा असतो आणि पाणी त्याच्यापासून कित्येक पावले आत गेलेले असते. मधल्या पट्ट्यात भेगाळू लागलेला गाळ, बुडालेल्या झाडांचे काळे बुंधे आणि जुन्या वस्त्यांच्या पायांचे दगड उघडे पडतात. याच सुमारास मच्छीमारांच्या जाळ्यांत मासळी अधिक येऊ लागते, आणि ‘पाणी उतरले की मासळी वाढते’ असे काठावरचे लोक सहज बोलून जातात.

हे बोलणे अनुभवाचे असले तरी अर्धेच खरे आहे. वसंतात मासळी वाढलेली नसते. तिला राहावयाची जागा कमी झालेली असते. हा फरक शाब्दिक वाटेल, तथापि जलाशयाचे पुढील दोन-तीन वर्षांचे उत्पन्न, आणि म्हणून त्यावर जगणाऱ्या कुटुंबांचे पोट, बऱ्याच अंशी या फरकावर अवलंबून आहे. तो समजून घ्यावयाचा तर प्रथम जलाशय, मग त्यातील पाणी आणि नंतर मासळी, असा क्रम घेणे सोयीचे होईल.

चंबळ नदी महूजवळील जानापावच्या डोंगरात उगम पावते आणि विंध्याकडे पाठ करून उत्तरेकडे वाहू लागते. इंदूर शहरातून वाहणारी कान्ह नदी क्षिप्रेस मिळते, क्षिप्रा चंबळेस मिळते, आणि मंदसौरच्या पशुपतिनाथाच्या मंदिरापाशी वाहणारी शिवना हीदेखील शेवटी त्याच पाण्यात येते. म्हणजे इंदूर, उज्जैन आणि मंदसौर या तिन्ही नगरांवर पडलेल्या पावसाचा वाटा गांधीसागरात असतो. तसाच या नगरांच्या सांडपाण्याचाही असतो, हे येथेच नमूद केलेले बरे. कालिदासाच्या ‘मेघदूता’त जिचा उल्लेख येतो, ती चर्मण्वती हीच नदी होय.

७ मार्च १९५४ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते धरणाची कोनशिला बसविण्यात आली आणि १९६० साली काम पूर्ण झाले. दगडी बांधणीचे हे धरण ६२ मीटरांहून थोडे अधिक उंच व ५१४ मीटर लांब आहे. त्याच्या पायथ्याशी प्रत्येकी २३ मेगावॉटचे पाच संच असून वीजगृहाची एकूण क्षमता ११५ मेगावॉट आहे. जलाशय पूर्ण भरला म्हणजे पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १३१२ फुटांवर येते आणि पाण्याचा विस्तार साडेसहाशे चौरस किलोमीटरांच्या घरात जातो. मंदसौर व नीमच या दोन जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. हा सारा मुलूख पूर्वी होळकर संस्थानातील रामपुरा-भानपुरा जिल्ह्याचा. यशवंतराव होळकरांचे निधन १८११ साली भानपुरा येथे झाले आणि त्यांची छत्री आजही तेथे उभी आहे. त्यामुळे इंदूरच्या जुन्या मराठी घरांना या दोन गावांची नावे परकी नाहीत. अलीकडे वृत्तपत्रांत गांधीसागराचे नाव येते ते बहुधा चित्त्यांमुळे. २० एप्रिल २०२५ रोजी कुनोहून आणलेले दोन चित्ते काठावरील अभयारण्यात सोडण्यात आले. पाण्यातील संपत्तीची बातमी इतक्या सहज छापली जात नाही.

पाणी का उतरते

पावसाळा सरला की जलाशयात येणारे पाणी जवळजवळ थांबते. जाणारे मात्र चालूच राहते. वीजनिर्मितीसाठी सोडलेले पाणी खाली राणा प्रताप सागर व जवाहर सागर यांतून कोटा येथील बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तेथून निघालेल्या कालव्यांनी राजस्थानातील तसेच मध्यप्रदेशाच्या श्योपुर, मुरैना व भिंड भागांतील रब्बी पिके भिजतात. म्हणजे मुरैन्याच्या शेतकऱ्याचा गहू पोसला जातो तेव्हा रामपुऱ्याच्या काठावरील पाणी मागे सरते. यात कोणाचा दोष नाही. धरण बांधले गेले ते याच कामासाठी. मासेमारी हा त्या पाण्याचा दुय्यम उपयोग आहे व मच्छीमारास मिळेल त्या पातळीशी जुळवून घ्यावे लागते.

उन्हाळ्याची चाहूल लागताच बाष्पीभवनाची भर पडते. चैत्र-वैशाखात उघड्या पाण्यावरून दिवसाकाठी अर्धा ते एक सेंटिमीटर जाडीचा थर हवेत निघून जातो. ऐकावयास हे क्षुल्लक वाटते. परंतु चारशे चौरस किलोमीटर पाण्यावरील अर्ध्या सेंटिमीटराचा थर म्हणजे वीस लाख घनमीटर पाणी होय, आणि ते एका दिवसाचे.

धरणाजवळ जलाशय खोल आहे. वरच्या अंगाला तो पसरट, एखाद्या परातीसारखा आहे. परातीतील पाणी थोडे कमी झाले तरी कडेचा बराच भाग उघडा पडतो. तसेच येथे घडते. जमिनीचा उतार दोनशे फुटांत एक फूट असेल, तर पातळी एक फूट खाली जाताच काठ दोनशे फूट मागे हटतो. ज्या उथळ खाड्यांत हिवाळाभर लहान मासे चरत होते, त्या खाड्या फाल्गुन संपेपर्यंत आटू लागतात. काही ठिकाणी खाडीचे तोंड आधी उघडे पडते व आतले पाणी डबक्यासारखे वेगळे तुटते. अशा डबक्यांत अडकलेली मासळी टोपलीनेही धरता येते. जलाशयाची मासळी वाढल्याचा भास येथूनच सुरू होतो.

ऊन पाण्यात उतरते तेव्हा

माघात पाणी थंड असते. मासा हा आपले शरीर स्वतः उबदार ठेवणारा प्राणी नव्हे. भोवतालचे पाणी जितके उबदार, तितका त्याच्या शरीराचा व्यापार वेगाने चालतो. पाण्याचे तापमान दहा अंशांनी वाढले तर हा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून थंडीत मंदावलेले मासे फाल्गुनानंतर अधिक हिंडू लागतात, अधिक खातात आणि अर्थातच अधिक जाळ्यात सापडतात. चैत्रातील चांगल्या मासेमारीचे जागा आकसणे हे एक कारण, तर हे दुसरे.

उबदार पाण्याचा एक तोटाही आहे. वीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांस तोच आकडा साडेसातवर येतो. म्हणजे ज्या ऋतूत माशाला श्वासासाठी प्राणवायू अधिक लागतो, त्याच ऋतूत पाण्यात तो कमी मावतो. शिवाय खोल भागात वरचे तापलेले हलके पाणी आणि खालचे थंड जड पाणी एकमेकांत सहज मिसळत नाही. तळाशी कुजणारा पाला व गाळ तेथील प्राणवायू खर्च करतात आणि वरून नवा पुरवठा होत नाही. अशा वेळी मोठे मासे तळ सोडून मधल्या व वरच्या थरांत येतात. उथळ भागात वारा पाणी ढवळत असल्यामुळे ही अडचण तितकी जाणवत नाही. अनुभवी मच्छीमार माघात खोल सोडलेली जाळी चैत्रात वर घेतो. कारण त्यास कोणी पुस्तकातून सांगितलेले नसते, पण त्याचे करणे बरोबर असते.

जलाशयातील प्रमुख मासे तीन : कटला, रोहू व मृगळ. कटल्यास महाराष्ट्रात तांबरा असेही म्हणतात. एकाच पाण्यात राहून या तिघांनी आपली जेवणाची पंगत वेगवेगळी मांडलेली आहे. कटल्याचे डोके मोठे व तोंड वरच्या बाजूस वळलेले असते. पाण्याच्या वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी हा त्याचा आहार. रोहूच्या ओठांना झालरीसारखी कड असते. तो मधल्या थरात शेवाळ व वनस्पतींचे अवशेष खरवडून खातो. मृगळाचे तोंड खालच्या अंगाला असून तो तळचा कुजका पालापाचोळा वेचतो. यांखेरीज पढीन व सिंघाड हे मिशा असलेले, दुसऱ्या माशांवर जगणारे मासेही येथे सापडतात. उथळ खाडीत लहान मासळी दाटली की हे शिकारी मासे तिच्या मागोमाग काठाकडे येतात, आणि मच्छीमार त्यांच्या मागोमाग.

शाळेतील शिक्षकांना या ठिकाणी एक सोपा प्रयोग करता येण्यासारखा आहे. आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली पाण्याची स्वच्छता मोजण्यासाठी पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडण्याची रीत काढली. वीत-सव्वा वीत रुंदीची पांढरी थाळी, तिला वजन व गाठी मारलेली दोरी एवढेच साहित्य पुरते. थाळी दिसेनाशी होईल ती खोली दर आठवड्यास लिहून ठेवावी. गढूळ मातीचे पाणी नसताना ही खोली कमी होत चालली, तर पाण्यात सूक्ष्म वनस्पतींची, म्हणजे मासळीच्या अन्नाच्या पहिल्या पायरीची, वाढ होत आहे असे समजावे. थाळी फार खोलवर दिसत असेल तर जाळेही माशाला तसेच दिसते, हेही मुलांना सांगावे. विद्यार्थ्यांना एकट्याने होडीत पाठवू नये, हे निराळे सांगावयास नकोच.

जाळे आणि त्याचा आस

गांधीसागरासारख्या विस्तीर्ण व खोल पाण्यात मुख्य भिस्त असते ती गिल जाळ्यावर. वर तरंगे व खाली वजने लावलेले नायलॉनचे हे जाळे पाण्यात पडद्यासारखे उभे राहते. सायंकाळी ते सोडून पहाटे उचलतात. मासा त्यात डोके घालतो, अंगाचा फुगीर भाग पलीकडे जात नाही, मागे यावे तर कल्ल्याच्या झाकणात धागा अडकतो. म्हणून जाळ्याच्या आसाचा, म्हणजे भोकाचा, आकार हाच कोणता मासा धरावा आणि कोणता सोडावा हे ठरवितो. मोठ्या आसातून लहान मासा सहज पार होतो. पुढे मोठा होऊन तो परत येईल, एवढा भरवसा त्यात असतो.

चांदण्या रात्री जाळ्यात मासळी कमी येते, असा मच्छीमारांचा अनुभव आहे. स्वच्छ पाण्यात धागा दिसतो हे त्याचे उघड कारण. फाल्गुन व चैत्र या महिन्यांत पाणी निवळलेले असल्यामुळे शुक्ल पक्षाच्या उत्तरार्धात हा परिणाम विशेष जाणवतो आणि पुष्कळजण ते दिवस जाळी दुरुस्त करण्यात घालवितात. बुंधे व खडक उघडे पडू लागल्यामुळे फाटलेल्या जाळ्यांची त्या काळात वाणही नसते. पाण्याखाली हातभर बुडालेला बुंधा उघड्या बुंध्यापेक्षा अधिक धोक्याचा असतो : जाळ्याला तसा होडीच्या तळालाही.

दुपारच्या वाऱ्याविषयी येथे थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. मैलोगणती मोकळ्या पाण्यावरून येणारा वारा लहान तळ्यात उठत नाहीत अशा लाटा उठवितो. चैत्र-वैशाखात सकाळी आरशासारखे असलेले पाणी दुपारी खवळलेले असते, आणि वळवाचे वादळ तर अर्ध्या घटकेत येते. पश्चिमेकडे आभाळ काळवंडलेले दिसताच भरलेले जाळे पाण्यात तसेच टाकून काठ गाठणे हा भित्रेपणा नव्हे. जाळे दुसऱ्या दिवशी सापडते. होडीत जितकी माणसे तितकी तरंगणारी जाकिटे असावीत; ती नसतील तर हवा भरलेली बंद डबकी तरी बांधलेली असावीत. ती गैरसोयीची वाटतात, ही तक्रार खरी आहे. पण पोहता येणारा मनुष्यही जाळ्याच्या दोरात पाय अडकला तर पोहू शकत नाही.

दोन टोकांची हानी

आता मूळ मुद्द्याकडे वळू. उतरत्या पाण्यात मासळी दाटलेली असताना काय काय जाळ्यात येते, हे पाहिले पाहिजे.

एक म्हणजे बोटुकली व तिच्याहून थोडी मोठी मासळी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात व त्यानंतर जलाशयात मत्स्यबीज सोडले जाते. काही बीज पुराच्या पाण्यात निसर्गतः तयार झालेले असते. मोठ्या माशांच्या तोंडून वाचावे म्हणून बीज बोटभर लांबीचे करून मगच सोडतात. हे मासे चैत्रापर्यंत जेमतेम पाव किलोचे, पुष्कळदा त्याहूनही कमी वजनाचे असतात आणि त्यांचा मुक्काम उथळ खाड्यांत असतो. खाडीचे तोंड बारीक आसाच्या जाळ्याने बंद करून ओढले की टोपल्याच्या टोपल्या भरतात. बाजारात या मासळीला भाव नसतो. ती ढिगाने विकली जाते. तोच कटला आणखी एक वर्ष पाण्यात राहिला तर अनुकूल स्थितीत किलोहून अधिक भरतो आणि किलोमागे दरही चढा मिळतो. चार वेळा जाळे ओढून जे हाती आले, त्याच्या कितीतरी पट पाण्यातच बुडाले, असा हा हिशेब आहे. गाळात तुटलेल्या डबक्यांतील लहान मासळी टोपलीने काढून खोल पाण्यात सोडणे हे काम मात्र एखाद्या गावच्या तरुणांना दोन सकाळींत करण्यासारखे आहे. ती डबकी आटणारच असतात. तेथली मासळी एक तर बगळ्यांची, नाही तर जलाशयाची.

दुसरे टोक माद्यांचे. कटला, रोहू व मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. पहिला मोठा पाऊस होऊन नद्यांना गढूळ लोंढा आला म्हणजे ते प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात आणि काठच्या नव्याने बुडालेल्या उथळ जागी अंडी सोडतात. गांधीसागरास चंबळेचा वरचा प्रवाह व तिच्या उपनद्या मोकळ्या असल्यामुळे असे नैसर्गिक प्रजनन होऊ शकते, ही या जलाशयाची मोठी जमेची बाजू होय. पुष्कळ तळ्यांना ते भाग्य नाही. परंतु आषाढात घालावयाच्या अंड्यांची तयारी माशाच्या पोटात फाल्गुनापासूनच सुरू होते. चैत्रात खाण्यावर असलेला त्याचा जोर काही अंशी याचसाठी असतो. वैशाख-ज्येष्ठात मोठी मादी कापली तर तिचे पोट अंड्यांनी भरलेले आढळते. या जातींची पूर्ण वाढलेली मादी दर किलो वजनामागे लाखाहून अधिक अंडी देते. पाच किलोची मादी म्हणजे निदान पाच लाख अंडी. त्यांतील बहुतेक नष्ट होतात हे खरे. म्हणूनच तर निसर्गाने ती एवढ्या संख्येने दिली आहेत.

कोणी म्हणेल की आता बीज कृत्रिम रीतीने तयार करता येते, मग माद्यांची एवढी चिंता कशाला? १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या जातींच्या माशांकडून अंडी घालवून घेतली आणि देशातील मत्स्यबीजाचा प्रश्न बदलून टाकला. तो दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. त्या शोधाचे मोल कमी नाही. पण साडेसहाशे चौरस किलोमीटरांचा जलाशय केवळ हंड्यांतून आणलेल्या बोटुकलीवर भरावयाचा तर त्यासाठी लागणारा खर्च व वाहतूक यांची कल्पना करून पाहावी. पाण्यात आधीच असलेली मादी हे काम फुकट करते. तिला फक्त ज्येष्ठ ओलांडू दिला पाहिजे.

बंदीचे दोन महिने

याच कारणास्तव मध्यप्रदेशात नदीय मत्स्योद्योग नियम १९७२ अन्वये १६ जून ते १५ ऑगस्ट हा काळ मासेमारीसाठी बंद ठेवला जातो. या मुदतीत नद्या व जलाशय यांतील मासे धरणे, विकणे व वाहून नेणे या तिन्ही गोष्टींस मनाई आहे. १९४८ च्या मत्स्यक्षेत्र अधिनियमातील १९८१ साली सुधारलेल्या तरतुदीनुसार नियमभंगाबद्दल एक वर्षापर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्या लहान तळ्यांचा नदी-नाल्याशी संबंध नाही, त्यांना हा नियम लागू नाही. याविषयी गावोगाव गैरसमज आढळतो.

कायद्याची तारीख मात्र माशाला ठाऊक नसते. पोटात अंडी धरलेली मादी १० जूनलाही तितकीच मोलाची असते जितकी २० जूनला. आणि येथे मच्छीमाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. भोई, कहार, ढीमर, केवट अशा ज्या समाजांचा हा परंपरागत व्यवसाय आहे, त्यांतील पुष्कळांना शेतीचा तुकडा नाही. पुढे दोन महिने हात रिकामे राहणार हे त्यास दिसत असते, उधारी डोक्यावर असते, आणि समोरच्या पाण्यात मासळी दाटलेली असते. अशा मनुष्याने वैशाखात जाळी आवरती घ्यावी असा उपदेश काठावर उभे राहून करणे सोपे आहे. त्याच्या घरी ज्येष्ठ-आषाढात चूल कशाने पेटेल याचे उत्तर त्या उपदेशात नसते.

त्या उत्तराचा काही भाग बचत व साहाय्य योजनेत आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराने स्वतःचे १५०० रुपये भरले असता शासनाकडून ३००० रुपयांची भर पडते व बंदीच्या व मंदीच्या काळात ही ४५०० रुपयांची रक्कम तीन महिन्यांत विभागून त्यास मिळते. रक्कम मोठी नाही हे उघड आहे. पण स्वतःचा वाटा चांगल्या मासेमारीच्या महिन्यांतच बाजूला पडणे सुलभ असते, आणि ते महिने म्हणजे फाल्गुन व चैत्र. ज्येष्ठात त्यासाठी पैसे शोधू लागणाऱ्यास ते सापडत नाहीत. सहकारी संस्थांच्या चिटणिसांनी सभासदांची नावे, बँक खाती व ओळखपत्रे या सुमारास तपासून घेतली, तर पुढचे पुष्कळ हेलपाटे वाचतात. निव्वळ नावातील एखाद्या काना-मात्रेच्या फरकाने हप्ता अडून राहतो, हा प्रकार दुर्मिळ नाही.

उत्तराचा दुसरा भाग बर्फात आहे असे म्हटले तर आश्चर्य वाटेल. गांधीसागराचा कटला बर्फात बांधून दूर हावड्याच्या बाजारापर्यंत गेलेला आहे. म्हणजे मालाला किंमत आहे, ती काठावर टिकविता मात्र आली पाहिजे. चैत्रात पहाटे उचललेला मासा नऊ वाजेपर्यंत उन्हात राहिला तर कल्ल्यांचा लाल रंग मावळू लागतो, डोळे आत जातात आणि व्यापारी दर पाडतो. उन्हाळ्यात मासळीच्या वजनाइतकाच बर्फ लागतो, अर्ध्याने काम भागत नाही. आणि तो वरून पसरून न टाकता मासळीच्या थरांमध्ये घालावा लागतो. होडीतच ओल्या गोणपाटाची सावली व बर्फाची पेटी असेल तर तेवढ्याच मासळीचे पैसे अधिक येतात. दहा किलो मासळी वाया गेली म्हणजे ती भरून काढण्यासाठी पुन्हा दहा किलो पाण्यातून काढावी लागते. बर्फाने वाचलेली मासळी पाण्यातच राहते, एवढाच याचा अर्थ.

सप्टेंबर २०१९ मध्ये अतिवृष्टीमुळे जलाशय पूर्ण पातळी ओलांडून चढला, धरणाचे सर्व दरवाजे उघडावे लागले आणि रामपुऱ्यात पाणी शिरले. अशा पुरात मोठी मासळी दरवाजांतून खाली वाहून जाते, तर वरच्या गावांतील तळी फुटून तेथील परकी मासळी जलाशयात येते. म्हणजे जलाशयातील साठा कोणत्याही वर्षी कोणाच्याही हातात पूर्णपणे नसतो. फाल्गुन ते ज्येष्ठ या चार महिन्यांत मात्र पूर नसतो, नवे बीज येत नसते आणि पाण्याची पातळी रोज ठाऊक असते. तेवढ्या अवधीत जलाशयात काय उरते ते आकाश ठरवीत नाही, जाळी ठरवितात.

ज्येष्ठाच्या अखेरीस होड्या काठावर ओढून उपड्या घातल्या जातात व जाळी धुऊन खोपटांच्या आढ्याला टांगली जातात. त्या सुमारास पाणी वर्षातील सर्वांत खालच्या पातळीच्या जवळ असते. मग जानापावकडे पाऊस होतो, गढूळ पाण्याची पहिली लोंढ चंबळेतून खाली येते, आणि उरलेल्या माद्या तिच्या उलट दिशेने वर चढू लागतात. १६ ऑगस्टच्या पहाटे जाळी पुन्हा पाण्यात पडतात, तोवर त्यांची पिल्ले नव्याने बुडालेल्या गवतात चरू लागलेली असतात.